क्लोरीन टाकूनही पालक तिसऱ्या दिवशी चिकट होतो? टाकी, थंड पाणी आणि कोल्ड रूम, तिन्ही तपासा

तक्रार नेहमी त्याच शब्दांत यायची. "ताई, पालक बुळबुळीत झालाय." माल इथून निघताना हिरवागार, देठ कडक. मुंबईच्या दुकानात दुसरा दिवस बरा जायचा आणि तिसऱ्या दिवशी पिशवीच्या तळाशी काळपट हिरवं पाणी, वर आंबूस वास. पंधरा दिवस काहीच नाही, मग सलग चार लॉट परत. आम्ही टाकी रिकामी करून घासायचो, क्लोरीन वाढवायचो, आठ-दहा दिवस शांत जायचे आणि पुन्हा तेच.

जुन्नर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या पॅकहाउसमध्ये गुणवत्तेचं काम मी बघते. पालक, मेथी, कोथिंबीर आणि हंगामात गाजर, एवढाच आमचा माल. दीड वर्ष ही तक्रार पाठ सोडत नव्हती. कारणं तीन निघाली आणि ती एकाआड एक लपलेली होती, म्हणून एक दुरुस्त केलं की काही दिवस सुटल्यासारखं वाटायचं. ज्यांच्याकडे भाजी धुऊन, थंड करून जाते त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. परत आलेला प्रत्येक क्रेट कुणाच्या तरी शेतातून पहाटे उठून काढलेला असतो.

सुरुवातीला एक गोष्ट मनात पक्की करून घ्या, नाहीतर पुढचं सगळं चुकतं. टाकीतला क्लोरीन भाजी निर्जंतुक करत नाही. पानाच्या सुरकुत्यांत आणि कापलेल्या देठात बसलेल्या जंतूंपर्यंत तो नीट पोचतच नाही. अगदी उत्तम धुतलं तरी पानावरचे नव्वद ते नव्व्याण्णव टक्के जंतू कमी होतात. ऐकायला हे भरपूर वाटतं, पण लाखातले हजार तरीही शिल्लक राहतात. क्लोरीनचं खरं काम पाणी स्वच्छ ठेवण्याचं. एका कुजक्या जुडीतून सुटलेला जंतू पुढच्या तीनशे जुड्यांना लागायच्या आत पाण्यातच मेला पाहिजे. म्हणजे सकाळी टाकीत किती क्लोरीन टाकला याला फारसा अर्थ नाही. शेवटचा क्रेट बुडवताना किती उरला होता, हे विचारायला हवं.

पहिली जागा: धुण्याची टाकी

आमचा हिशेब कागदावर चोख होता. हजार लिटरची टाकी, १० टक्क्यांचं सोडियम हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं द्रावण) एक लिटर, झाले साधारण १०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात १०० भाग क्लोरीन. वर ओटी चाचणी करायचो, ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक नळाच्या पाण्याची करतात तीच. नळीत थेंब टाकले की पाणी पिवळंधमक, कधी नारिंगी. क्लोरीन आहे म्हणून वहीत टिक.

चूक इथेच होती. ओटी चाचणी नळाच्या पाण्यातला शिल्लक क्लोरीन बघण्यासाठी आहे. पिण्याच्या पाण्यात तो किमान ०.२ पीपीएम हवा असतो. त्या पट्ट्यात ही चाचणी कामाची. १०० पीपीएमच्या टाकीत ती काहीच सांगत नाही. त्याहून वाईट म्हणजे मोकळा क्लोरीन आणि मातीशी, पानाच्या रसाशी, शेणखतातल्या अमोनियाशी जोडला गेलेला क्लोरीन यांत ती फरक करत नाही. दोन्हींचा रंग पिवळाच. जोडला गेलेला क्लोरीन वासाला उग्र असतो, पण जंतू मारायला फार मंद. पालकाच्या टाकीत पान जेमतेम एक-दोन मिनिटं राहतं, तेवढ्या वेळात तो जवळपास निरुपयोगी. (ओटीचं द्रावण विषारी आहे. तपासलेलं पाणी टाकीत परत ओतू नका आणि नळ्या भाजीपासून लांब ठेवा.)

आम्ही मोकळा क्लोरीन वेगळा दाखवणारी डीपीडी चाचणी आणली, तिथे दुसरा खड्डा. टाकीचं पाणी थेट नळीत घेऊन गोळी टाकली, तर गुलाबी रंग क्षणभर चमकला आणि डोळ्यांदेखत नाहीसा झाला. नळीत स्वच्छ पाणी. टाकीवरच्या मुलाने "क्लोरीन शून्य" लिहिलं आणि आणखी अर्धा लिटर हायपो ओतलं. खरं तर क्लोरीन इतका जास्त होता की त्याने चाचणीचा रंगच उडवला होता. उपाय सोपा आहे. टाकीचं १ मिली पाणी घ्या, डिस्टिल्ड वॉटर घालून १०० मिली करा, मग चाचणी करा आणि आकड्याला १०० ने गुणा. रोजच्या धावपळीत हे जमत नसेल तर २०० पीपीएमपर्यंतच्या कागदी पट्ट्या मिळतात. घेताना त्या मोकळा क्लोरीन दाखवतात की एकूण, ते डबीवर वाचून घ्या.

नीट मोजायला लागल्यावर चित्र उघडं पडलं. सकाळी सातला १०० च्या आसपास. चाळीसेक क्रेट मेथी-पालक गेल्यावर, पावणेनऊला, मोकळा क्लोरीन दहाच्याही खाली. ओटीचा रंग मात्र तेव्हाही पिवळाच. पुढचे दोन तास आम्ही भाजी धूत नव्हतो, एका शेताची घाण दुसऱ्या शेताच्या मालाला लावत होतो.

त्यात पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलंय की अल्काकडे ते सांगणारा आकडा. आमची बोअर काळ्या खडकातली, पाणी जड, पीएच ७.९. हायपो स्वतः अल्कधर्मी, ते पडलं की ८.३ च्या पुढे. क्लोरीन पाण्यात दोन रूपांत राहतो आणि जंतू मारण्याचा जोर मुख्यतः एकाच रूपात असतो, हायपोक्लोरस आम्लात. पीएच ६.५ ला जवळपास ९० टक्के क्लोरीन या कामाच्या रूपात असतो, ७.५ ला निम्मा, ८ ला पाव भागाच्याही खाली आणि ८.५ ला दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी. पट्टी १०० दाखवते, पण कामाचे दहा-पंधराच. "हायपो वाढवा" हा आमचा जुना उपाय म्हणूनच उलटा पडत होता. जितकं जास्त ओतू तितका पीएच वर.

आता आम्ही आधी पाण्यात सायट्रिक आम्ल विरघळवून पीएच ६.५ ते ७ वर आणतो, ढवळतो, मग हायपो. सायट्रिक किती लागेल ते तुमच्या पाण्याच्या जडपणावर ठरेल, त्यामुळे माझं माप उचलू नका. वीस लिटरच्या बादलीत हायपो घालून करून बघा आणि तिथून टाकीचा हिशेब काढा. ६ च्या खाली अजिबात जाऊ नका, क्लोरीन वायू होऊन बाहेर पडू लागतो. आमच्याकडे एकदा आम्लाचं घट्ट द्रावण तळाशी राहिलेल्या मगात एकाने हायपो ओतलं. क्षणात डोळे आणि घसा झोंबले, सगळ्यांना बाहेर पळावं लागलं. तेव्हापासून आम्लाचा मग लाल, हायपोचा निळा, आणि दोन्ही कॅन शेडच्या दोन टोकांना. संडास धुण्याचं ॲसिड तर पॅकिंगच्या शेडमध्ये येताच कामा नये.

हायपोचा कॅनसुद्धा तपासा. लेबलवर १० किंवा १२ टक्के असतं, पण पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे काढलेला कॅन त्याच्या जवळपासही राहत नाही. ऊन आणि उष्णता त्याला झपाट्याने उतरवतात. छोटे कॅन, सावली, आणि आधी आलेला आधी वापरायचा. टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) वापरत असाल तर ताजीत साधारण ३३ टक्के क्लोरीन धरतात, पोतं उघडं राहिलं की तोही उडतो. शिवाय तिचा चुना खाली बसतो. निवळी तेवढी घ्या. चुन्याने पीएच वाढतो हेही लक्षात असू द्या.

पण या सगळ्यापेक्षा जास्त फरक मातीने पडला. क्लोरीन खाणारी खरी गोष्ट म्हणजे मुळाला चिकटलेला चिखल. आता मुळं शेतातच छाटून येतात. इथे जुडीवर आधी साध्या पाण्याचा फवारा, ते पाणी थेट गटारात. मग पहिली टाकी, मग दुसरी. ताजं पाणी दुसऱ्या टाकीत पडतं आणि तिचं ओसंडलेलं पाणी पहिलीत जातं. भाजी एका दिशेने, पाणी उलट्या दिशेने. पहिल्या टाकीच्या तळाला एक पांढरी ताटली बांधून ठेवली आहे. ती दिसेनाशी झाली की पाणी बदलायचं, मग घड्याळात कितीही वाजलेले असोत. धुणाऱ्या मावशींना पीपीएम समजावून सांगावे लागतात, ताटली नाही. दर अर्ध्या तासाला पट्टी. आमची मर्यादा ५० पीपीएम, एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या मार्गदर्शनातही कच्च्या भाजीसाठी हाच आकडा येतो. त्याखाली आलं की आधी हायपो, मग पुढचा क्रेट. शेवटी पिण्याच्या पाण्याने खळखळून धुणं.

तरीही तक्रार परत आली, तेव्हा चार पिशव्या

टाकी सुधारल्यावर तीन आठवडे चांगले गेले आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा फोन. तेव्हा मी जे केलं ते आधीच करायला हवं होतं, आणि तुम्ही कृपा करून इथूनच सुरुवात करा. यात खर्च जवळपास शून्य आहे.

एकाच शेताचा, एकाच सकाळचा पालक. चार पिशव्या. पहिलीत शेतातून आला तसा, न धुतलेला. दुसरीत टाकीतून धुऊन निघालेला. तिसरीत थंड पाण्याखालून गेलेला. चौथीत रात्रभर कोल्ड रूममध्ये राहून सकाळी निघालेला. चारही पिशव्यांवर तारीख, लॉट आणि क्रेट कुठे ठेवला होता ते लिहायचं, ऑफिसच्या एकाच फ्रिजमध्ये ठेवायच्या आणि तीन दिवसांनी उघडायच्या. आधी वास घ्या, मग पानं दोन बोटांत चोळून बघा.

न धुतलेला उत्तम टिकला होता. दुसरा जवळपास तितकाच. तिसरी पिशवी उघडली आणि तोच आंबूस वास. चौथी तिच्यासारखीच. म्हणजे बिघाड टाकीनंतर आणि कोल्ड रूमच्या आधी होता.

दुसरी जागा: थंड पाण्याचं यंत्र

आमचं यंत्र साधं आहे. वर भोकाभोकांचा स्टीलचा ट्रे, त्यातून बर्फाळ पाणी क्रेटवर पडतं, खाली साठतं, जाळीतून गाळून कॉइलवरून जातं आणि पंपाने पुन्हा वर. शेतातली उष्णता काढायला आमच्याकडे याच्याइतकं जलद दुसरं काही नाही. आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरत असल्यामुळे जंतू पसरवायलाही नाही.

या पाण्यात क्लोरीन कोणीच टाकत नव्हतं. भाजी धुऊनच आली आहे, मग पुन्हा कशाला, हा विचार. पाणी तीन-तीन दिवस बदलत नव्हतो, कारण ते एक-दोन अंशांपर्यंत थंड करायला जी वीज जळते ती सगळ्यांना दिसते. थंडगार पाणी गटारात सोडणं जिवावर येतं. मी ट्रे खोलायला सांगितला. वरचा भाग चकचकीत, रोज पुसलेला. खालून हात फिरवला तर भोकांच्या कडेकडेने मऊ, पातळ, जेलीसारखा थर बोटाला लागला. ट्रेच्या त्या बाजूला दीड वर्षात ब्रश पोचलाच नव्हता. पंपाच्या जुन्या, बंद केलेल्या पाइपच्या तुकड्यात पाणी साचून राहिलं होतं, त्याचा वास तर तक्रारीच्या पिशवीचाच.

असा थर धरलेल्या जंतूंवर नुसतं क्लोरीनचं पाणी ओतून उपयोग नाही, ते वरचे मारतं आणि खालचे जगतात. म्हणूनच आमची "टाकी घासली की आठ दिवस शांत" अशी गत होती. थर खरवडूनच काढावा लागतो, आणि क्रम चुकवून चालत नाही. पाणी सोडून द्या, ट्रे आणि जाळ्या खोला, कमी दाबाच्या पाण्याने गाळ काढा. मग कोमट पाणी, अल्कधर्मी डिटर्जंट आणि नायलॉनचा ब्रश. तारेची घासणी नको, तिने पडलेल्या ओरखड्यांत थर पुन्हा घर करतो. स्वच्छ पाण्याने धुवा. त्यानंतरच २०० पीपीएम क्लोरीनचं पाणी दहा मिनिटं फिरवा, सोडून द्या आणि यंत्र रात्रभर उघडं, कोरडं राहू द्या. जड पाण्याचा पांढरा खर कॉइलवर आणि भोकांत धरतो, त्याच्या आड थर लपतो; तो सायट्रिकने वेगळ्या दिवशी काढायचा, क्लोरीनच्या दिवशी नाही. बंद पाइपचा तुकडा आम्ही कापूनच टाकला.

आता पाणी रोज बदलतो आणि थंड पाण्यातही मोकळा क्लोरीन पट्टीने बघतो. थंड पाण्यात क्लोरीन टिकतो जास्त, पण काम हळू करतो, हे विसरू नका. विजेचं बिल वाढलं. परत येणाऱ्या लॉटपेक्षा ते खूप कमी आहे.

गरम माल थंड पाण्यात बुडवण्याचाही एक धोका आहे. तीस अंशांचा माल चार अंशांच्या पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी कापलेल्या देठातून आत ओढलं जातं. एकदा जंतू असा आत गेला की बाहेरून कितीही धुवा. टोमॅटोच्या देठाच्या खळीतून हे फार होतं. म्हणून टोमॅटोच्या धुण्याचं पाणी फळाच्या गरापेक्षा साधारण ५ अंश गरम ठेवतात. पालकाला तसं करता येत नाही, म्हणून आम्ही आधी साध्या तापमानाच्या पाण्यात धुतो, निथळू देतो आणि मगच थंड पाण्याखाली.

वर घालायच्या बर्फाचंही तेच. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून, फरशीवरून ओढत येत होती आणि तीच फोडून कोथिंबिरीवर. २०१८ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने अखाद्य बर्फ निळ्या रंगाचा असावा असं बंधन घातलं, ते याच कारणाने. निळी लादी भाजीला लावायची नाही, आणि पांढरी आली तरी पाणी कुठलं ते विचारा.

तिसरी जागा: कोल्ड रूमचं छत

यानंतर पुढच्या चाचण्यांत तिसरी पिशवी स्वच्छ, चौथी मात्र कधी चांगली, कधी खराब. हे "कधी कधी" सगळ्यात त्रास देतं. पिशवीवर क्रेटची जागा लिहिली होती म्हणून सापडलं: खराब पिशव्या सगळ्या डावीकडच्या रॅकमधल्या, वरच्या दोन थरांतल्या. त्यांच्या डोक्यावर ब्लोअर.

शिडी लावून बघितलं. ब्लोअरखालच्या ड्रेन पॅनचा पाइप धुळीने आणि पानांच्या तुकड्यांनी तुंबला होता. डीफ्रॉस्ट झालं, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळला, की पॅन भरायचा, पंखा सुरू झाला की काठावरचे थेंब उडून थेट उघड्या क्रेटवर. पॅनमध्ये तोच बुळबुळीत थर, गुलाबी झाक असलेला.

आमच्या बाबतीत ही कुजण्यावर थांबलेली गोष्ट होती. २०११ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोतल्या एका खरबुजाच्या पॅकहाउसमधून लिस्टेरिया नावाचा जीवघेणा जंतू पसरला. १४७ माणसं आजारी पडली आणि ३३ दगावली. तपासात निघालं ते असं: जमिनीवर साचलेलं पाणी, नीट साफ करता न येणारी, आधी बटाट्यासाठी वापरलेली यंत्रं, आणि शेतातली उष्णता न काढताच शीतगृहात ठेवलेली फळं. लिस्टेरिया फ्रिजच्या तापमानातही वाढतो. कोल्ड रूम थंड आहे म्हणून तिथे काही वाढत नाही, हा समज जिवावर बेतू शकतो.

पाइप मोकळा केला, त्याला उतार दिला, पॅन आता दर आठवड्याला धुतो. ब्लोअरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांना क्लोरीन लावू नका, ती खातो. यंत्र बनवणाऱ्याने सांगितलेलं क्लीनर किंवा क्वाट (क्वाटर्नरी अमोनियम) वर्गातलं जंतुनाशक वापरा. क्वाट भाजीवर मात्र नाही. गटाराचा ब्रश वेगळा, वेगळ्या रंगाचा, आणि गटारावर जोराचा फवारा मारायचा नाही, त्याचे तुषार क्रेटपर्यंत जातात. ब्लोअरखालच्या जागेत आम्ही आता माल ठेवतच नाही. दहा क्रेटची जागा गेली, जाऊ दे.

क्लोरीनऐवजी पेरासिटिक आम्ल हे जंतुनाशक वापरावं का, असं बरेच जण विचारतात. माती आणि पीएचचा त्याच्यावर परिणाम कमी होतो, हे खरं. अमेरिकेत भाजीच्या पाण्यात ८० पीपीएमची मर्यादा आहे. पण ते महाग पडतं, वास झोंबतो, आणि तुंबलेला पॅन त्यानेही सुटत नाही. आधी वरच्या तिन्ही जागा नीट करा, मग तो खर्च करायचा का ते ठरवा. वापरलेलं क्लोरीनचं पाणी ओढ्यात किंवा थेट पिकाला सोडू नका. आम्ही उघड्या हौदात उन्हात ठेवतो आणि पट्टीवर शून्य दिसल्यावरच सोडतो.

गेल्या वर्षभरात दोनच लॉट परत आले, दोन्ही ऑगस्टमधले, गढूळ विहिरीचं पाणी टँकरने आणलं त्या आठवड्यातले. टँकर आला की आता सायट्रिकचं माप पुन्हा बादलीत काढतो. एप्रिलमध्ये बोअरची पातळी उतरली की तेव्हाही, कारण पाणी आणखी जड होतं आणि मार्चचं माप चालत नाही. चार पिशव्या मात्र बारा महिने, दर सोमवारी. गुरुवारी सकाळी चहाच्या आधी उघडतो, तिसरी आणि चौथी सगळ्यात आधी.